मोरीखालची वाट

मुंबईतल्या जंगलात काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बिबटे किती आहेत? आकडा मी सांगते. 2015 साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आरे आणि लगतच्या परिसरात कॅमेरा ट्रॅप लावून पद्धतशीर अभ्यास झाला, तेव्हा 35 वेगवेगळे बिबटे ओळखता आले. 2018 च्या पाहणीत ते 47 भरले. पण माझं बरंचसं काम या आकड्याशी नव्हतंच. ते होतं रस्त्याखालच्या मोऱ्यांशी. या बाजूच्या जंगलातलं जनावर त्या बाजूच्या जंगलात कुठून जातं, कसं जातं आणि कुठं अडतं, हे शोधत मी काही वर्षं घोडबंदर रस्त्याच्या कडेनं हिंडले. या शहरातलं जंगल टिकणार की नाही, हे त्या मोऱ्यांवर ठरणार आहे असं माझं ठाम मत त्यातूनच झालं.

उद्यानाचं क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, गोरेगाव. पूर्वेला मुलुंड आणि ठाणे. दक्षिणेला आरे, आणि आरेच्या खाली पुन्हा शहर. मोकळी म्हणावी अशी एकच बाजू उरली आहे, उत्तरेची, आणि तीही सलग नाही. ठाण्याहून निघालेला घोडबंदर रस्ता गायमुखापासून घाटात शिरतो आणि उद्यानाचा वरचा तुकडा कापून वेगळा करतो. या तुकड्याला नागला ब्लॉक म्हणतात. नागल्याच्या पलीकडं वसईची खाडी. खाडीपल्याड कामणचा परिसर, तिथं वसई-दिवा रेल्वेचे रूळ, मग चिंचोटीहून भिवंडीकडं जाणारा रस्ता, आणि तो ओलांडला की तुंगारेश्वर अभयारण्य, साधारण 85 चौरस किलोमीटरचं. तिथून तानसा, आणि तानशाच्या मागं सह्याद्री. नकाशावर हे सगळं हिरवं एका ओळीत दिसतं. पायी गेलं की मधले रस्ते, रूळ, गोदामं, दगडखाणी आणि रोज पुढं सरकणारी बांधकामं दिसतात.

ही ओळ तुटली तर काय होईल? बिबट्याचं पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं. मादी असेल तर पुष्कळदा आईच्या शेजारीच जागा धरते. नराला मात्र लांब जावं लागतं, कारण जवळच्या जागेवर आधीच एखादा दांडगा नर बसलेला असतो. उद्यानात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे 22 बिबटे अशी दाटी 2015 च्या अभ्यासात निघाली होती. अशा ठिकाणी तरुण नराला बाहेर पडायला वाट नसली तर तो मारामारीत मरतो, नाही तर वस्तीच्या कडेकडेनं राहू लागतो. बाहेरून नवा नर आत येऊ शकला नाही, तर काही पिढ्यांनी आतल्या आतच प्रजनन होत राहतं आणि जात दुबळी होते. बिबट्याचं नाव मी घेते कारण लोक त्याचं ऐकतात. भेकर, सांबर, साळिंदर, वाघाटी या सगळ्यांचं हेच आहे. दार नसलेल्या खोलीत कितीही सुख भरलं तरी ती खोली राहण्याजोगी होत नाही.

ही वाट खरोखर वापरली जाते याचा सगळ्यांत ठळक पुरावा आजोबानं दिला. 2009 साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथं विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढला गेला. डॉ. विद्या अत्रेय आणि वन विभाग यांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बसवला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. आजोबा हे त्याचं नाव. तो चालत चालत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर तोडून मुंबईच्या दाराशी, नागल्याच्या जंगलात येऊन पोहोचला. वाटेत त्यानं महामार्ग ओलांडला, रेल्वेचे रूळ ओलांडले, खाडी पोहून पार केली, आणि एवढ्या वाटचालीत एकाही माणसाला इजा केली नाही. 2014 साली त्याच्यावर मराठी चित्रपट आला, त्यामुळं त्याचं नाव घराघरांत गेलं. पण त्याचा शेवट अनेकांच्या लक्षात नसतो. 2011 च्या डिसेंबरात महामार्गावर एका वाहनाची धडक बसून तो गेला. जो प्राणी माणसांच्या इतक्या गावांतून कुणाला न दिसता निघून आला, त्याला रस्त्यानं मारलं.

आता मोरीकडं येते. घाटातल्या रस्त्याला दर थोड्या अंतरावर ओढा आडवा येतो. पावसाचं पाणी रस्त्याखालून काढून द्यायला तिथं मोरी असते. काही मोऱ्या नुसत्या ह्यूम पाईपच्या, माणसाला वाकून जावं लागेल अशा. काही दगडी भिंती आणि वर स्लॅब अशा, चौकोनी, बऱ्यापैकी उंच. बांधणाऱ्यानं त्या पाण्यासाठी बांधल्या. जनावरांनी त्या आपल्या केल्या. ओढ्याच्या काठानं चालायची सवय जंगलातल्या बहुतेक प्राण्यांना असतेच. काठ त्यांना आपसूक मोरीच्या तोंडाशी आणून सोडतो.

आमचं काम साधं आणि चिकाटीचं होतं. मोरीच्या दोन्ही तोंडांशी बारीक चाळलेली माती अंथरायची, फळीनं सपाट करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर यायच्या आत ठसे बघायचे. तिरप्या उन्हात ठसा उठून दिसतो. ऊन डोक्यावर आलं की तोच ठसा सपाट होऊन जातो. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. बिबट्याच्या ठशात नखं नसतात, आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे स्पष्ट दिसतात. उदमांजराचा ठसा नाजूक, साळिंदराच्या पावलांशेजारी काट्यांनी ओढलेल्या बारीक रेघा, घोरपडीच्या दोन्ही बाजूंच्या पावलांमधून शेपटीची नागमोडी ओळ. एका सकाळी एवढ्याशा पट्ट्यात या तिघांची आणि वर भेकराच्या खुरांची अशी गर्दी पाहिली, की पट्टा पुन्हा सपाट करायला हात धजेना. मग फोटो काढले, मोजपट्टी ठेवली, वहीत नोंद केली आणि फळी फिरवली.

ठशांच्या जोडीला कॅमेरे. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, आणि डाव्या-उजव्या अंगाचीही वेगळी. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर पण किंचित मागंपुढं असे दोन कॅमेरे बांधतात. समोरासमोर अगदी एका रेषेत बांधले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. समोरचं गवत काढावं लागतं, नाही तर वाऱ्यानं हललेल्या पात्याचेच शेकडो फोटो मिळतात. कॅमेरा लोखंडी पेटीत, पेटीला साखळी, साखळीला कुलूप. एवढं करूनही काही कॅमेरे चोरीला जायचे, तर काही पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याबरोबर वाहून जायचे.

जागा निवडताना मला खरी मदत झाली ती पाड्यावरच्या एका वारली बाबांची. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या हातातला कॅमेरा बघितला, मोरीकडं बघितलं आणि म्हणाले, “ताई, इथं नको. त्या उंबराच्या मुळाशी लावा. तो दगडादगडावरून येतो, मातीत पाय घालत नाही.” कॅमेरा उंबराखाली गेला आणि त्याच आठवड्यात पहिला बिबट्या मिळाला. बाबा त्याला बिबट्या म्हणत नाहीत, वाघच म्हणतात. पाड्याच्या कडेला शेंदूर लावलेला वाघोबा आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला तिथं नारळ फुटतो. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची अशी दीडशेच्या आसपास ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. मी ती ठाणी नकाशावर मांडली तेव्हा त्यांतली बरीच जंगलाच्या तुकड्यांना जोडणाऱ्या वाटांवर दिसली. यातून मी मोठा सिद्धांत मांडत नाही. पण जिथं वाघोबा आहे तिथं म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय सर्वेक्षण सुरू करायचं नाही, हा नियम आम्ही पाळला आणि त्याचा दर वेळी फायदा झाला.

कॅमेऱ्यांनी जे दाखवलं त्यातली एक मालिका माझ्या मनातून जात नाही. पहाटे तीनच्या सुमाराला एक तरुण नर पाईप मोरीच्या तोंडाशी येतो. थांबतो. मान खाली घालून आत बघतो. आत पावसाळ्यात वाहून आलेला राडारोडा, थर्माकोल, प्लास्टिकच्या गोण्या अडकलेल्या. पलीकडचा उजेड दिसत नाही. तो वास घेतो, एक पाऊल आत टाकतो, पुन्हा बाहेर घेतो. पुढच्या फोटोत तो बांध चढून वर रस्त्याकडं जाताना दिसतो, फक्त मागचे पाय आणि शेपूट. त्याच्यानंतरचा फोटो रिकामा. त्या रात्री तो पलीकडं सुखरूप पोहोचला. दोन दिवसांनी नागल्यातल्या कॅमेऱ्यात त्याचे तेच ठिपके ओळखू आले. पण रात्री त्या रस्त्यानं कंटेनर किती वेगानं उतरतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला त्या शेपटीच्या फोटोचा अर्थ कळेल.

स्लॅबच्या मोरीत चित्र वेगळं होतं. उंची आणि रुंदी बऱ्यापैकी, तळाशी पाण्याच्या कडेला कोरडा काठ, आणि या तोंडातून बघितलं तर त्या तोंडाबाहेरची झाडं दिसतात. तिथं तोच नर न थांबता, चालीत फरक न करता निघून गेला. मोरीची लांबी जेवढी जास्त, तेवढं तिचं तोंड मोठं हवं, हे जगभरातल्या अभ्यासांनी सांगितलं आहे. आम्हाला ते घाटात डोळ्यांसमोर दिसलं. रस्ता रुंद केला की मोरी लांब होते. तोंड मात्र तेवढंच ठेवलं जातं. चार पदरी रस्त्याखाली जुन्याच मापाचा पाईप पुढं जोडून टाकला, की पाण्याचं काम होतं आणि जनावराची वाट बंद होते. रुंदीकरणाच्या नकाशात ही गोष्ट कुठंही दिसत नाही, कारण नकाशात मोरी ही फक्त पाण्याच्या हिशेबानं मोजलेली असते.

एके सकाळी रस्त्यावर बिबट्याची मादी मरून पडल्याचा फोन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा वाहतूक बाजूनं वळवली होती आणि वनरक्षक दादा तिच्या अंगावर चादर टाकत होते. पंचनामा झाला, गाडी आली, तिला उद्यानात शवविच्छेदनाला नेलं. ती जिथं पडली होती तिथून हाकेच्या अंतरावर एक चांगली मोठी मोरी होती. तिच्या तोंडाशी कुणी तरी रात्रीत डंपरभर डेब्रिज ओतून गेलं होतं. ठशांचा माग काढला तर ती आधी त्या मोरीपाशीच आली होती.

त्यानंतर आम्ही मोऱ्या साफ करून घ्यायच्या मागं लागलो. आणि लक्षात आलं की मोरी कुणाची, या प्रश्नालाच उत्तर नाही. वरचा रस्ता एका कार्यालयाचा, दोन्ही बाजूंची जमीन दुसऱ्याची, पुढं वस्तीत शिरणारा ओढा तिसऱ्याचा. प्रत्येकाकडं अर्ज, आवक क्रमांक, मग “आमच्या अखत्यारीत येत नाही” असं उत्तर. यात कुणाचा खोटेपणा नव्हता. ज्याच्या त्याच्या कागदावर तसंच लिहिलेलं होतं. शेवटी एका कनिष्ठ अभियंत्यानं मार्ग दाखवला. म्हणाला, “मॅडम, वन्यजीव म्हणून अर्ज कराल तर वर्षभर फिरेल. नालेसफाईत घाला. पाणी तुंबतं म्हणा. पाणी तुंबतंच ना?” पाणी खरंच तुंबत होतं. मोऱ्या पावसाळापूर्व नालेसफाईच्या यादीत आल्या आणि मे महिन्यात साफ झाल्या. त्या अभियंत्याचे उपकार मी विसरणार नाही. साफ झालेल्या मोऱ्यांमधली जनावरांची ये-जा पुढच्या हंगामात आमच्या वहीत दिसू लागली.

मोरी साफ असली तरी तिच्याभोवती काय आहे यावर बरंच अवलंबून असतं. रस्त्याकडेच्या काही खानावळी उरलंसुरलं अन्न मागच्या उतारावर टाकतात. त्यावर भटकी कुत्री जमतात. मुंबईच्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे विष्ठेच्या तपासणीतून सिद्ध झालं आहे. म्हणजे आपणच ताट वाढून बिबट्याला रस्त्याच्या कडेला बसवतो. मोरीच्या बरोबर वर उंच खांबावरचे प्रखर दिवे लावले तर हरणं त्या बाजूला फिरकत नाहीत. एका खानावळीच्या मालकांना हे समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी कचऱ्याचा झाकणाचा डबा आणला आणि रोज महापालिकेच्या गाडीत द्यायला सुरुवात केली. एवढ्याशा बदलानं तिथली कुत्र्यांची टोळी पांगली.

दक्षिणेकडं, आरेच्या बाजूला काम वेगळं होतं. तिथं रस्त्यापेक्षा माणसांशी बोलणं जास्त. आरे दुग्ध वसाहत 1949 ची. तबेले, कुरणं, पाडे, ओढे, दाट झाडी असं सगळं मिसळलेलं ते ठिकाण उद्यानाला चिकटून आहे आणि बिबट्यांसाठी ते उद्यानच आहे. आरेच्या नावानं ओळखला जाणारा एक विंचू, लायकास आरेएन्सिस, 2010 साली जगाला नव्यानं कळला. कोळ्याचीही एक नवी जात इथं सापडली. मुंबई महानगराच्या पोटात विज्ञानाला माहीत नसलेले जीव सापडतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथं दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती तोड थांबवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या वर्षी आरेतली सुमारे 800 एकर जमीन राखीव वन करण्याची घोषणा झाली. मला त्या घोषणेचं मोल वाटतं. पण राखीव झालेले तुकडे एकमेकांना आणि उद्यानाला ज्या पट्ट्यांनी जोडले आहेत, त्या पट्ट्यांना कसलंच नाव नाही. उद्या तिथं कुंपण पडलं तर अडवायला कायद्याचा आधार सापडत नाही.

जंगलाला लागून असलेल्या एका मोठ्या गृहसंकुलात आम्ही बोलायला गेलो होतो. पार्किंगच्या सीसीटीव्हीत रात्री बिबट्या दिसला होता आणि लोक घाबरले होते. एक काकू उठून म्हणाल्या, “आमची नातवंडं खाली खेळतात. तुम्ही त्याला पकडून लांब का नेत नाही?” प्रश्न रास्त होता आणि त्यांची भीती खरी होती. 2002 ते 2004 या काळात उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं दगावली, 2004 च्या जूनमध्ये तर मृत्यूंची रांग लागली. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला कुठलाही अभ्यास सांत्वन देऊ शकत नाही. मी काकूंना जुन्नरचं सांगितलं. तिथं बिबटे पकडून दुसरीकडं सोडायचा धडाका लावला होता. जिथं सोडले तिथं हल्ले वाढले, हे अत्रेय यांच्या अभ्यासात दिसून आलं. अनोळखी मुलखात सोडलेला, घाबरलेला प्राणी धोकादायक होतो. इकडं मोकळ्या झालेल्या जागेवर थोड्याच दिवसांत दुसरा येतो, आणि तो वस्तीला सरावलेला नसतो. 2011 पासून वन विभागानं ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातून हेच लोकांना सांगायला सुरुवात केली, आणि त्यानंतरच्या काळात हल्ले पुष्कळ कमी झाले. पूर्ण थांबले नाहीत. आरेमध्ये 2021 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा लागोपाठ हल्ले झाले.

काकूंनी ऐकून घेतलं, मग त्या कामाला लागल्या. संकुलाचा ओला कचरा उघड्यावर पडणं बंद झालं, कुंपणालगतचं रान विरळ केलं, आणि मुलांनी दिवेलागणीनंतर मागच्या बाजूला जायचं नाही असं ठरलं. पाड्यांवर हे इतकं सोपं नाही. तिथं पुरेसे दिवे नाहीत, कित्येक घरांना शौचालय नाही, आणि अंधारात उघड्यावर बसलेलं लहान मूल बिबट्याला सहज सावज वाटतं. पाड्यावर शौचालय आणि रस्त्यावर दिवा देणं हे वन्यजीव संरक्षणाचंच काम आहे, असं मी प्रत्येक बैठकीत बोलत आले आहे आणि बोलत राहीन.

भरपाई म्हणून होणाऱ्या वृक्षारोपणाबद्दल माझं मत कडू आहे. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडं कुठं तरी ओळीनं गिरिपुष्प, सुबाबूळ लावतात. त्याखाली गवत नाही, झुडूप नाही, कुजलेलं पान नाही. भेकराला लपायला जागा नसलेली रोपांची शेती म्हणजे जंगल नव्हे. शिवाय ती जोडणीच्या जागेवर नसतेच. जिथं उंबर, करंज, ऐन, कळंब आपणहून उगवतात, कारवी दर आठ वर्षांनी फुलते, तो अरुंद पट्टा कुंपण न घालता नुसता राखला तरी पुरे. त्याला पैसेही कमी लागतात.

आता उद्यानाच्या खालून बोगदे होत आहेत: गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा आणि ठाणे-बोरिवलीचा. जंगलावरून रस्ता नेण्यापेक्षा बोगदा केव्हाही बरा, असं मला वाटतं. पण बोगद्याची तोंडं कुठं उघडतात, उपसलेली दगड-माती कुठं टाकली जाते, आणि डोंगरातले झरे उन्हाळ्यात पूर्वीसारखे वाहतात का, यावर बारीक नजर हवी.

आपल्याकडं हे नीट करता येतं याचा दाखला आहे. नागपूर-सिवनी मार्गावर पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या 16.1 किलोमीटरच्या टप्प्यात नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर उचलून घेतला. त्यांतला सर्वांत लांब भाग 750 मीटरचा आहे. त्यासाठी न्यायालयात झगडावं लागलं. पण झाल्यावर भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावले, तर खालून वाघ जाताना दिसले. सिंगापूरनं 1986 च्या द्रुतगती मार्गानं तुटलेली दोन जंगलं 2013 मध्ये रस्त्यावरून झाडांचा पूल बांधून जोडली. घोडबंदरच्या घाटात याहून कितीतरी लहान काम पुरेल.

नद्यांचंही बोलायला हवं. दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी या चारही नद्या याच डोंगरांत उगम पावतात आणि खाडीला मिळतात. खाडीकाठच्या कांदळवनात आजही कोल्हे राहतात. नदीचा मऊ काठ राहिला असता तर डोंगरातलं जंगल आणि खाडीतलं कांदळवन यांच्यात मुंगूस, घोरपड, बेडूक, पाखरं यांना वाट मिळाली असती. 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर नद्यांना दोन्ही बाजूंनी उंच काँक्रीटच्या भिंती चढल्या. पुराची भीती मी कमी लेखत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस पडला होता. पण वस्ती नसलेल्या ठिकाणी, निदान उद्यानाच्या हद्दीपासून पहिल्या पुलापर्यंत, काठ मातीचा राखता येतो. तिथंसुद्धा भिंत बांधायचे प्रस्ताव येतात, आणि हरकत घ्यायला बहुतेक वेळा कुणीच नसतं.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या भागात रस्ता रुंद होणार असेल, नदीला भिंत येणार असेल, विकास आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती-सूचना मागवल्या असतील, तर एक अर्ज जरूर करा. जंगल वाचवा असं मोघम लिहू नका. अमुक ओढ्यावरची मोरी स्लॅबची, पलीकडचा उजेड दिसेल एवढी उंच-रुंद आणि एका बाजूला कोरडा काठ ठेवून बांधावी, असं ठिकाणासकट लिहा. नेमक्या मागणीला नेमकं उत्तर द्यावं लागतं. आणि रस्त्यावर वाहनाखाली मेलेलं जनावर दिसलं, मग ते उदमांजर असो की बिबट्या, तर जागा आणि वेळ वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. पुढची मोरी कुठं हवी हे याच नोंदींवरून ठरतं.